चौथा भाग

फेब्रुवारीतला शनिवार. सन बहात्तर.
खाण बंद पडून पाच आठवडे झालेले
आणि आमचा टीव्ही तापायलाच दोन मिनिटं घ्यायचा.
आधी आवाज यायचा, मग माणसं.

त्या दिवशी आधी आला बाणाचा सूं आवाज,
मग करड्या ठिपक्यांतून टॅम ॲशलॉक.
आमचा टॅम. आमच्या टेकडीवरचा.
ज्याचं पाऊल अजून दगडात आहे
आणि गावातलं प्रत्येक पोर
एकदा तरी आपला बूट त्यात घालून बघतं.
सरदाराचं मीठ लुटून
ज्यानं ते दारोदार ओतलं,
तो टॅम आता शनीच्या चंद्रावर होता.

कसा गेला ते आधीच्या तीन भागांत होऊन गेलेलं.
काळाला भोक पडलं होतं, असं काहीतरी.
"भोकाच्या कडेला चंदेरी कागद चिकटवलाय,"
क्लिफर्ड म्हणाला. मी म्हटलं, गप्प बस.

तिथं एक कंपनी होती, ती हवा विकायची.
मजुरांच्या पगारातून श्वास कापून घ्यायची.
टॅमला हे उमगायला वेळ लागला.
"हवेला मालक?" त्यानं विचारलं,
आणि आमच्या मागे, खुर्चीत,
त्या महिन्यात पहिल्यांदा बाबा हसले.
हसता हसता खोकले.
खोकला संपेपर्यंत आम्ही सगळे थांबलो,
टॅम मात्र थांबला नाही.

पाठीवर नळकांडं, टोपीतलं पीस
हेल्मेटमध्ये मावेना म्हणून वाकलेलं,
तो पुलावरून धावतोय, मागे यंत्रमानव
(पत्र्याचे, गुडघ्यात न वाकणारे),
पुढे लोखंडी दार, दारामागे
चारशे माणसांची शेवटची अकरा मिनिटं.
त्यानं दाराच्या चाकावर हात ठेवला

आणि वीज गेली.

पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरला,
तोही आत आत जाऊन विझला.
भिंतीपलीकडं मिसेस पिकरसगिलचा रेडिओ
गाता गाता मुका झाला.
"तुम्ही घालवलीत!" क्लिफर्ड किंचाळला. नऊ वर्षांचा.
"तुम्ही कोळसा काढत नाही म्हणून!"
हे त्या घरात कुणी बोलायचं नव्हतं.
आईच्या हातातली काडी ओढायची राहिली.

बाबा म्हणाले, "हो. आम्हीच."
मग बऱ्याच वेळानं, काळोखाच्या त्याच कोपऱ्यातून:
"चाक गंजलेलं होतं.
म्हणून टॅमनं खिशातलं मीठ काढलं."
"मिठानं गंज वाढतो," क्लिफर्ड.
"तेच सांगतोय. मागचे ते पत्र्याचे ना?
फेकलं त्यांच्या गुडघ्यांवर."
"इतक्या लवकर नाही गंजत."
"शनीवर गंजतं."

क्लिफर्ड नाक ओढत गप्प झाला.
"आणि दार?" मी विचारलं.
"ते एकट्याच्यानं नसतं उघडत.
तसल्या दाराला आतूनही चाक असतं.
आतल्या लोकांनी ते धरलं."
मेणबत्ती लागली तेव्हा
बाबांचे दोन्ही हात हवेत होते,
काहीतरी जड फिरवत असल्यासारखे.

फीत पुढं पुसून टाकली म्हणे.
त्यावर घोड्यांची शर्यत भरली.
क्लिफर्ड आता लीड्सला बॉयलर दुरुस्त करतो.
त्याला एकदा एक माणूस भेटला,
ज्याच्या गल्लीत त्या रात्री वीज होती.
फोनवर म्हणाला, "एनिड, टॅम पोचलाच नाही गं.
दार उघडलं, पण बाराव्या मिनिटाला."
थोडं थांबून म्हणाला, "बाबांना सांगू नकोस."

बाबांना तेव्हा सिलिंडर लागलेला.
दर गुरुवारी एक लाल केसांचा पोरगा
तो जिन्यावरून धडधडत वर आणायचा,
रिकामा खाली न्यायचा,
जाताना चाक घट्ट आहे ना ते बघायचा.
एकदा बाबांनी मास्क बाजूला केला,
त्याला जवळ बोलावलं:
"तुझं नाव टॅम नाही ना?"
"नाही, ग्लेन."
बाबांनी विचार केला.
"चालेल," म्हणाले.